सोबतीचा वर्ग

माझा भाचा १५ वर्षांचा आहे. एसटीची गाडी तो नुसत्या आवाजावरून ओळखतो, आणि तिची बॉडी दापोडीच्या कार्यशाळेत बांधली की चिकलठाण्याच्या, यावर अर्धा तास बोलू शकतो. ऐकणारा कंटाळलाय हे त्याच्या लक्षात येत नाही. किंवा येतं, पण तोवर वाक्य सुरू झालेलं असतं आणि ते अर्धवट सोडणं त्याला जमत नाही. नवव्या वर्षी निदान झालं : स्वमग्नता. हा शब्द मला कधीच पटला नाही. स्वतःत मग्न असलेला मुलगा घरी येऊन ‘आज डब्याच्या सुट्टीत माझ्या बाकावर कोणी बसलं नाही’ असं कशाला सांगेल?

गेल्या वर्षी ताईनं त्याच्यासाठी गट शोधायला घेतला आणि तिच्याबरोबर मीही हिंडले. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी वाचाउपचार, ऑक्युपेशनल थेरपी असं बरंच काही सापडलं. अठरा ओलांडलेल्यांसाठी पणत्या रंगवण्याच्या कार्यशाळा सापडल्या. मधल्या वयाचं, नेहमीच्या शाळेत जाणारं, गणितात बरे मार्क मिळवणारं पोर मात्र कोणाच्या हिशेबातच नव्हतं. २०१६च्या कायद्यानं अपंगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता घातली, प्रमाणपत्र असलं की परीक्षेत वेळ वाढवून मिळतो. शेजारी कोण बसणार, हे कायदा कसा ठरवणार?

शेवटी एक वर्ग मिळाला. ‘सोशल स्किल्स’, दर शनिवारी. नजरेला नजर द्या, हात मिळवा, आपलं नाव सांगा, छंद विचारा. तिसऱ्या शनिवारी भाचा म्हणाला, “मावशी, तिथे सगळे पाहुण्यांसारखं बोलतात.”

त्याच्या या तक्रारीवर कॅलिफोर्नियात एक अख्खा अभ्यासक्रम उभा आहे, हे मला नंतर कळलं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात एलिझाबेथ लॉगेसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी ‘पीअर्स’ नावाचा कार्यक्रम घडवला. त्याची पुस्तिका २०१० साली आली. १४ आठवडे, दर आठवड्याला दीड तास, आणि मुलं एका खोलीत शिकत असताना पालक शेजारच्या खोलीत. त्यातली मला आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे. मोठी माणसं काय सल्ला देतात ते बाजूला ठेवायचं आणि ज्यांना मित्र आहेत अशी मुलं प्रत्यक्षात काय करतात ते बघायचं. घोळक्यात शिरायचं तर आपण सांगतो, जा, हसून नाव सांग. असं करणारा पोरगा कट्ट्यावर चेष्टेचाच विषय होईल. ज्यांना जमतं ती मुलं आधी जवळपास रेंगाळतात, विषय काय चाललाय ते ऐकतात, मध्ये खंड पडला की त्याच विषयावर एखादं वाक्य टाकतात. कोणी चिडवलं तर आपण म्हणतो, दुर्लक्ष कर, बाईंना सांग. लॉगेसनबाई सांगतात, छोटं, बेफिकीर उत्तर दे. आपल्याकडे नुसतं “मग?” पुरतं.

कोरिया, जपान, इस्रायल इथेही हा कार्यक्रम गेला. आपल्याकडे आणायचा तर बरंच बदलावं लागेल. मित्राला ठरवून घरी बोलवायचं, हा त्यातला मोठा भाग. आपल्या वाड्या-सोसायट्यांत मित्र बोलावले जात नाहीत, जिन्याखालून हाक मारतात. आणि कधी ‘अरे’, कधी ‘भावा’, कुठली शिवी प्रेमाची नि कुठली भांडणाची, हे कुठल्या पुस्तिकेत लिहिणार?

पण माझी खरी अडचण पुढेच आहे. या साऱ्या शिकवण्यात दुरुस्ती एकाच बाजूची होते. २०१७ साली नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. स्वमग्न आणि इतर माणसांच्या बोलण्याच्या काही सेकंदांच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. स्वमग्न माणसांबद्दल क्षणात मत बनलं : या माणसाशी बोलावंसं वाटत नाही. तेच बोलणं नुसतं कागदावर वाचायला दिलं, तेव्हा हा दुजाभाव उरला नाही. म्हणजे बोलण्यात खोट नव्हती. आवाजाची पट्टी, हातवारे, चेहरा खटकत होता. मग वर्गात कोणाला बसवायचं? मुलानं रोज सहा तास दुसऱ्याचा चेहरा लावून वावरायचं आणि घरी येऊन दार लावून घ्यायचं, याला मी तरी कौशल्य म्हणणार नाही.

मला डॅनिएल लगॉफ यांची गोष्ट जास्त पटते. त्यांच्याकडे उपचारांना येणारी दोन मुलं बाहेर, वाट बघण्याच्या खोलीत, लेगोचे ठोकळे घेऊन एकमेकांशी खेळताना त्यांना दिसली. त्यावरून त्यांनी गट बांधले. एकानं नकाशा वाचायचा, दुसऱ्यानं ठोकळे शोधून द्यायचे, तिसऱ्यानं जोडायचे. बोलल्याशिवाय घर उभंच राहत नाही, म्हणून मुलं बोलतात. आधी हाताला काम, मग बोलणं. ढोल-ताशा पथकात, नाटकाच्या तालमीत हेच तर होतं. (पथकाचा आवाज भाच्याला सोसत नाही, तो भाग वेगळा.) आणि नेमकं हेच आपण नववीत तोडतो. तबला बंद, बुद्धिबळ बंद, ‘दहावीचं वर्ष येतंय’. ज्यांना मित्र आहेत त्यांना क्लासच्या दाराशीही गप्पा मारता येतात. ज्याच्या गप्पांना निमित्त लागतं, त्याचं निमित्तच आपण काढून घेतो.

तेव्हा गट बघायला गेल्यावर ‘काय शिकवता’ हा प्रश्न मी दुसरा ठेवीन. आधी विचारीन, मुलं इथे मिळून करतात काय? आणि परतताना मुलाला, पुन्हा यायचंय का? ताईचं म्हणणं, हे बोलायला सोपं आहे. शाळेत रोज टोमणे तो खातो, ‘मग?’ म्हणायला कोणीतरी शिकवायला हवंच. तिचंही चुकत नाही.

शनिवारचा वर्ग सुटला. त्यातलीच दोन मुलं आता रविवारी सकाळी भाच्याबरोबर एसटी स्टँडवर जातात, एकीची आई चहा घेत लांब बाकावर बसते. तिघं फारसं बोलत नाहीत. गाड्यांचे नंबर आणि डेपो वहीत लिहितात. याला मैत्री म्हणायचं का, मला माहीत नाही. गेल्या रविवारी त्यातला एक तापामुळे आला नाही. भाच्यानं त्याच्यासाठी वेगळं पान आखलं आणि सगळे नंबर दोनदा लिहिले.