श्वासातलं विष

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की पांढरा फेस फसफसतो. पेशींमधलं कॅटालेज हे विकर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं, तोच हा फेस. ड्रेसिंगच्या खोलीत वर्षानुवर्षं पाहते आहे, तरी नवल सरत नाही. त्याहून मोठं नवल हे, की ज्या श्वासातल्या ऑक्सिजनवर जगायचं, त्यातूनच पेशींना पोळणारं सुपरऑक्साइड निघतं. त्याला आवरणारं विकर मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळखलं.

मग देवानं प्राणातच विष का कालवलं? हा प्रश्न मला फार छळायचा. पण आपल्या पांढऱ्या पेशी तेच सुपरऑक्साइड बनवून जंतूंवर सोडतात! ज्या मुलांच्या पेशींना जन्मतःच ते बनवता येत नाही, त्यांना गंभीर संसर्ग पुन्हा पुन्हा गाठतात. विष नाही, म्हणून ती बाळं आजारी. निर्विष जगाची प्रार्थना मी आता करत नाही.