कर्ता कोणाला म्हणावे?

वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी सळईच्या टोकावर घेऊन एकजण येतो. दुसरा तो कातरीने तोडून साच्यात पाडतो आणि तरफ ओढून वरून दट्ट्या दाबतो. क्षणार्धात नक्षीदार वाडगा तयार! एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गेट्सहेड, संडरलँड आणि मँचेस्टर येथून अशी दाबीव काच अमाप निघाली. आज तिचे संग्राहक प्रत्येक वाडगा उलटून एकच प्रश्न विचारतात : हा कोणी केला? त्यातल्या ‘कोणी’ या शब्दापाशी मी अडतो.

वरवर पाहता उत्तर सोपे आहे. काचेत मोराचे डोके उमटलेले असेल, तर वाडगा गेट्सहेडच्या सोअरबीचा. बुरुजातून वर आलेला सिंह म्हणजे त्याच गावचा डेव्हिडसन. पंजात तारा धरलेला सिंह म्हणजे संडरलँडचा ग्रीनर. याखेरीज नोंदणीची खूण असते. १८४२ ते १८८३ पर्यंत ती चौकोनी हिऱ्याच्या आकाराची असे. माथ्यावर काचेच्या वर्गाचा रोमन तीन, कोपऱ्यांत दिवस, महिना, वर्ष यांची अक्षरे व आकडे. १८८४ पासून नुसता क्रमांक आला. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात त्या नोंदवह्या आहेत. त्यांत नाव सापडते.

पण ते नाव असते नक्षीवर हक्क सांगणाऱ्याचे; आणि तारीख असते नोंदणीची. वाडगा त्यानंतर कितीतरी वर्षांनी दाबलेला असू शकतो. शिवाय साचेही विकले जात. एडवर्ड मूरचे साचे डेव्हिडसनने विकत घेतले. मग त्याच साच्यातून निघालेल्या वाडग्याचा कर्ता बदलला, की नुसता मालक?

गंमत अशी, की ही काच मुळात महागड्या कापीव काचेची नक्कल करीत वाढली, आणि तिचेच कारखानदार नकलेविरुद्ध सरकारदरबारी गेले. मी त्यांना हसत नाही. साचा घडवायला पैसा आणि कसब लागे. तयार वाडगा समोर ठेवून दुसऱ्याने तो उचलणे ही चोरीच होती. कायद्याने भांडवल राखले, ठीक केले. कर्तृत्वाचा दाखला देण्याचा आव त्याने आणला नव्हता. तो अर्थ आपण चिकटवला.

सोअरबीने वॉल्टर क्रेनच्या बालगीतांच्या चित्रांवरून हस्तिदंती रंगाची भांडी काढली. त्यांवर मोर आहे, चित्रकाराचे नाव नाही. क्रेन निदान आपल्या पुस्तकांतून उरला. पण ते चित्र लोखंडात उलटे, खोलगट कोरणारा हात? त्याच्यावाचून त्या भांड्याला चेहराच नव्हता.

कोणी म्हणेल, जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायांनी तरी कुठे सह्या केल्या? खरे आहे. पण त्या ओवीखाली जात्याच्या मालकाची मुद्राही उमटली नाही. कोणाचेच नाव नसणे वेगळे, आणि दुसऱ्याचे असणे वेगळे.

बिनखुणेच्या वाडग्यावर ‘सोअरबी’ अशी चिठ्ठी लावली की किंमत चढते, म्हणून ती सर्रास लागते. हे सरळ खोटे. त्यावर शब्द खर्चायला नकोत. मला अवघड वाटते ते खऱ्या खुणेच्या वाडग्याचे. जुन्या नमुनापुस्तकाशी नक्षी ताडून, मोर पाहून, ‘सोअरबीच्या कारखान्यातला’ असे मी निःशंक लिहीन. ‘सोअरबीने केलेला’ असे लिहायला मात्र माझी लेखणी तयार होत नाही.