ध्वजावरच्या नावांचे धनी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पूर्णेकाठच्या येलदरीच्या आसपासचा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि जपानी सैन्याशी अगदी पहिल्या रात्री ज्यांची गाठ पडली त्यांत या संस्थानाची पलटण होती. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी फौज मलायात कोटा बारूच्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा तिथल्या विमानतळाच्या रक्षणाला पहिली हैदराबाद इन्फन्ट्री होती. पर्ल हार्बरवरचे बॉम्ब तेव्हा अजून पडायचे होते.

त्या युद्धातून जपानी तलवारी, ध्वज, बिल्ले, नोटा जगभर पसरल्या. आज त्यांचा मोठा बाजार आहे. त्यांच्यावरची कांजी, म्हणजे जपानी लेखनातली चिनी वळणाची अक्षरे, तिथे वाचली जातात ती बहुधा वस्तू अस्सल की नकली, आणि किंमत किती, एवढ्यापुरती. हे वाचन मला अपुरे वाटते. ही वस्तू कोणाची, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

ध्वजाचेच घ्या. सैनिक निघाला की घरचे, शेजारी, शाळासोबती पांढऱ्या रेशमावरच्या लाल सूर्याभोवती सह्या करत. वर मोठ्या अक्षरांत ‘बुउन चोक्यू’, म्हणजे युद्धात तुझे दैव अखंड राहो, आणि एका कडेला त्या मुलाचे नाव. तो हा ध्वज घडी करून अंगाशी बाळगी. साध्या शिपायाच्या पितळी ओळखबिल्ल्यावर नाव नसे, पलटणीचा आणि त्याचा क्रमांक असे. लष्कराने ज्याला आकडा दिला, त्याचे नाव गावाने रेशमावर लिहून ठेवले होते. वाचणे मात्र अवघड. अक्षरे घाईच्या ब्रशची, जुन्या वळणाची. आडवी ओळ त्या काळी उजवीकडून डावीकडे लिहीत, आणि १९४६ नंतर कितीतरी कांजींची रूपे सोपी केली गेली. त्यात एकच आडनाव नाकाजिमाही वाचता येते आणि नाकाशिमाही; खरे कोणते ते घरच्यांनाच ठाऊक. अशा वेळी कोपऱ्यातला देवळाचा शिक्का कामी येतो, कारण त्यावरून गाव सापडते.

तलवारीचा लेख मुठीच्या आत दडलेला असतो. बांबूची खुंटी काढून मूठ उतरवली की पात्याच्या गंजलेल्या शेपटावर कधी घडवणाऱ्याचे नाव, कधी साल मिळते. जपानी कालगणनेतले शोवा १९ म्हणजे १९४४. तो गंज घासून चकचकीत करणारा माणूस पुरावाच पुसतो.

युद्धात मात्र जपानी लिखाणाचे वाचन जीवघेण्या निकडीचे होते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडसोबत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन वेढ्यात लढत होती. तिथे एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळचे नकाशे हाती लागले. कोहिमाकडे निघालेल्या फौजेचा बेत त्यांत होता. वेढ्यातून वाट काढून ते कागद इंफाळला पोचवले गेले. जुलै १९४५ मध्ये ब्रह्मदेशात गुरखा गस्तीला सापडलेले कागद लुई अ‍ॅलन या तरुण भाषाधिकाऱ्याने वाचले. सित्तांग नदी ओलांडून निसटू पाहणाऱ्या जपानी सैन्याचा बेत उघड झाला आणि ते हजारोंनी मारले गेले. पुढे याच अ‍ॅलनने ब्रह्मदेशच्या युद्धाचा मोठा इतिहास लिहिला आणि त्यात जपानी सैनिकांनाही बोलते केले.

कोणी म्हणेल, आपल्या युद्धकैद्यांचे हाल करणाऱ्यांसाठी एवढे कष्ट कशाला? न्यू गिनीत नेलेल्या भारतीय कैद्यांचा जो छळ झाला तो विसरण्याजोगा नाहीच. पण ध्वजावर सही करणारी शेजारीण त्या छळाची धनी नव्हती, आणि सैनिकाचे नाव कळल्याने कोणाचा गुन्हा माफ होत नाही. उलट पलटण आणि साल कळली तर तो कुठे होता, कोणासमोर होता, हेही शोधता येते. सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर कबर न सापडलेल्या आपल्या जवानांची नावे रोमन लिपीत कोरली आहेत. तिथे आपले नाव नीट वाचले जावे असे ज्या घराला वाटते, त्याला जपानी घराची ही ओढ समजावून सांगावी लागणार नाही.

अमेरिकेतली ओबोन सोसायटी असे ध्वज घरोघरी परत पोचवते. आपल्याकडे हे काम पुण्यात सहज सुरू होऊ शकते. जपानी शिकणारे तिथे भरपूर आहेत. त्यांच्या अभ्यासक्रमात हे जुने वळण सहसा नसते. पण त्याच शहरात मोडीची दफ्तरे उलगडणारी माणसे आहेत, आणि घसटलेले अक्षर संदर्भाने कसे लावायचे हे त्यांना मुरलेले आहे. या दोघांना एका टेबलाशी बसवावे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जपानी रणगाडे आहेत, मराठा पलटणीचे केंद्र बेळगावला आहे. सुरुवात अशा ठिकाणांपासून करावी. ज्यांच्या घरी अशी वस्तू असेल त्यांनी ती धुऊ नये, घासू नये, आणि विकण्याआधी दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून या वाचकांकडे द्यावेत.