चुकलेली चाल आणि अनुताप

बुद्धिबळाच्या पटावर ज्याने जिंकत आलेला डाव स्वतःच्या हाताने घालवला आहे, त्याचे दुःख इतर पराभवांच्या दुःखाहून जातीनेच निराळे असते. आणि हे निराळेपण कशात आहे याचा शोध, पाप, अनुताप व प्रायश्चित्त यांविषयी आपल्याकडील शास्त्रकारांनी जे सांगून ठेवले आहे त्याच्या आधाराने घेऊ लागले की, एका खेळापुरता वाटणारा हा प्रश्न बराच खोलवर जातो. प्रतिस्पर्धी वरचढ ठरला म्हणून आलेला पराभव माणूस एक-दोन दिवसांत पचवतो, प्रसंगी त्याची वाखाणणीही करतो. घोडचूक करून हरलेला खेळाडू मात्र अंथरुणावर पडल्यावरही तीच एक चाल मनाशी खेळत राहतो आणि दर खेपेला ती दुरुस्त करून पाहतो.

१८९२ साली हवाना येथे विल्हेल्म स्टाइनिट्झ आणि मिखाईल चिगोरिन यांच्यात विश्वविजेतेपदासाठी जो सामना झाला, त्याचा तेविसावा डाव या दुःखाचा जणू मूळ दस्तऐवज आहे. दहा डाव प्रथम जिंकणाऱ्याला विजय मिळायचा होता. स्टाइनिट्झचे नऊ झाले होते, चिगोरिनचे आठ, आणि या डावात चिगोरिनजवळ एक मोहरे अधिक होते, त्यामुळे नऊ-नऊ अशी बरोबरी हाताशी आली होती. स्टाइनिट्झच्या दोन्ही हत्तींनी चिगोरिनच्या राजाच्या पुढ्यातील ओळीवर ठाण मांडले होते, आणि त्यांना रोखून धरणारा होता एक उंट, जो दूर मध्यावर उभा राहून राजाजवळच्या प्याद्याची राखण करीत होता. बत्तिसाव्या चालीला चिगोरिनने तोच उंट उचलून दुसरीकडे नेला. पहारा उठला, हत्तीने प्यादे मारून शह दिला, आणि पुढच्या चालीची मात समोर दिसत असल्याने डाव व सामना दोन्ही त्याच क्षणी संपले.

द्यूतात सर्वस्व गमावणाऱ्या युधिष्ठिराला निदान फाशांकडे आणि शकुनीच्या कपटाकडे बोट दाखवण्याची मुभा होती. बुद्धिबळात तशी सोय नाही. पट दोघांनाही सारखाच उघडा असतो, कोणाच्या हातात झाकलेले पान नसते, आणि झालेल्या नुकसानीची फिर्याद ज्याच्याविरुद्ध दाखल करावी असा प्रतिवादी स्वतःखेरीज दुसरा सापडत नाही. शिवाय या चुकीने कोणाचे काही हिरावले जात नाही, कोणाचा विश्वासघात होत नाही, कोणतेही धर्मशास्त्र तिची पापांत गणना करणार नाही; आणि तरीही ती पापासारखी जाळते. असे का व्हावे?

माझ्या मते याचे उत्तर सांख्यांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. बुद्धी ही त्यांच्या मते पुरुषाची नव्हेच. ती प्रकृतीचा पहिला विकार, तिच्यातून अहंकार निपजतो, आणि हा अहंकार बुद्धीत जे जे घडते ते ते ‘माझे’ म्हणून आपल्या खाती लिहून घेतो. चार तास एकाग्र राहून थकलेल्या बुद्धीने एका उंटाचे काम विसरावे ही घटना स्वतःपुरती तेवढीच असते. परंतु ज्याने आपल्या बुद्धीलाच आपले सर्वस्व मानले, त्याला त्या विसरण्यातून स्वतःविषयीचा फैसला ऐकू येतो. हा फैसला किती निराधार असतो हे पाहायचे असेल तर १९५६ च्या अॅमस्टरडॅम येथील स्पर्धेकडे पाहावे. तिथे टिग्रान पेट्रोस्यान डेव्हिड ब्राँस्टाइनवर पूर्ण वर्चस्व मिळवून बसला होता. ब्राँस्टाइनला घोडा इकडून तिकडे नेण्यापलीकडे फारसे काही करता येत नव्हते. आणि त्याच घोड्याने आपल्या वजिरावर रोख धरला आहे हे पेट्रोस्यानला दिसले नाही. वजीर फुकट गेला. हाच पेट्रोस्यान १९६३ मध्ये बोटविनिकला हरवून विश्वविजेता झाला, आणि संकट दुरून ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही अशी त्याची कीर्ती झाली.

परंतु सांख्यांचे हे उत्तर वाटेल त्याच्या हाती आणि वाटेल त्या वेळी देण्यासारखे नाही. शालेय स्पर्धांच्या सभागृहात हे दृश्य नेहमी दिसते: वजीर गमावलेले आठ-दहा वर्षांचे पोर नोंदपत्रिकेवर सही करते, प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवते, मोहरी पुन्हा पहिल्या घरांवर लावून ठेवते, हे सगळे शिस्तीने पार पाडते, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या आईजवळ पोहोचताच हमसून रडू लागते. तेव्हा भोवतालची वडीलधारी माणसे त्याला सांगतात की खेळच आहे, सोडून दे. हा उपदेश सद्भावनेचा असला तरी मला तो अन्यायाचा वाटतो. ज्या गोष्टीत त्या मुलाने आपले सारे चित्त ओतले ती मुळात क्षुद्र होती, असे त्याला सांगून आपण त्याचे दुःख हलके करीत नाही. त्याच्या एकाग्रतेचा अवमान करतो. आणि ‘मी कर्ता नव्हेच’ हे तत्त्व केवळ हरल्यावर आठवत असेल तर ती निव्वळ पळवाट आहे. हात लावलेले मोहरे खेळलेच पाहिजे हा या खेळाचा नियम आहे. त्यापुढे कोणाची कैफियत चालत नाही, आणि चालू नये.

मग अनुताप हवा की नको? बौद्धांनी या बाबतीत जी सूक्ष्म दृष्टी दाखवली तिचा आपल्याकडे व्हावा तितका विचार झालेला नाही. चित्ताच्या प्रगतीत आड येणाऱ्या पाच नीवरणांत त्यांनी कामना, द्वेष, आळस आणि संशय यांच्या बरोबरीने औद्धत्य-कौकृत्याला, म्हणजे चित्ताच्या अस्वस्थपणाला आणि रुखरुखीला, स्थान दिले. आणि पाली अभिधम्माने तर कौकृत्याची गणना द्वेषमूलक चित्ताबरोबर, ईर्ष्या आणि मात्सर्य यांच्या पंक्तीत केली. प्रथमदर्शनी हे धक्कादायक वाटते, कारण पश्चात्ताप हा आपण सद्गुणच समजतो. पण रात्रभर तीच चाल घोळवणाऱ्या खेळाडूचे मन तपासले तर तिथे भूतकाळाविषयी आणि स्वतःविषयी खरोखरीचा द्वेषच सापडतो. पुढे वसुबंधूने कौकृत्याला अनियत म्हटले, कुशलही असू शकेल आणि अकुशलही. मला ही दुरुस्ती रास्त वाटते. आणि ही रुखरुख दोन प्रकारची, जे करू नये ते केल्याची व जे करावयाचे ते न केल्याची, हे त्यांचे निरीक्षण तर पटावर जसेच्या तसे पडताळून पाहता येते.

१५ नोव्हेंबर २०१४ रोजी सोची येथे विश्वविजेतेपदाच्या सामन्याचा सहावा डाव चालू होता. गुण अडीच-अडीच असे समान होते. सव्विसाव्या चालीला मॅग्नस कार्लसनने आपला राजा एक घर पुढे घेतला, आणि चाल करून होताच त्याच्या ध्यानी आले की विश्वनाथन आनंदने आता घोड्याने मधले प्यादे मारले, तर दोन प्यादी जातील आणि डावही हातचा निसटेल. आनंदने फार वेळ न घेता कडेचे प्यादे पुढे सरकवले. संधी गेली, आणि ती गेल्याचे त्यालाही लगेच उमगले. एकाच मिनिटात एकाला केल्याची रुखरुख लागली, दुसऱ्याला न केल्याची. कार्लसनची चूक दैवाने पोटात घातली, म्हणून त्याचे चित्त सावरले. आनंदचा डाव तेव्हा काही हरलेला नव्हता, अवघड होता इतकेच. पण पुढच्या बारा चालींत तो संपला, आणि यात पटावरच्या स्थितीइतकाच मनातल्या त्या हुकलेल्या घोड्याचाही हात होता असे मी मानतो.

कारण पटाला स्मरण नसते. राजा वा हत्ती पूर्वी हलला आहे काय, तीच स्थिती तिसऱ्यांदा आली आहे काय, असल्या दोन-तीन बाबी सोडल्या तर समोरची स्थिती कशी उद्भवली याची चौकशी खेळाचा कायदा करीत नाही. वेदान्ती ज्याला प्रारब्ध म्हणतात ते इथे चौसष्ट घरांवर मांडलेले असते, आणि क्रियमाण म्हणजे पुढची एक चाल.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात हेतुपुरस्सर केलेले पाप आणि नकळत झालेले पाप असा भेद केला आहे. पहिल्याला नाना प्रायश्चित्ते सांगितली आहेत, दुसऱ्याची शुद्धी वेदाभ्यासाने होते असे म्हटले आहे. घोडचूक ही उघडच दुसऱ्या जातीची. ‘पुन्हा असे करणार नाही’ ही प्रतिज्ञा तिच्याबाबत करता येत नाही, कारण पहिल्यांदाही ती कोणी ठरवून केलेली नसते. उपवासाने किंवा आत्मनिंदेने ती धुतली जात नाही. हाती राहतो तो अभ्यास. दुसऱ्या दिवशी नोंदपत्रिका समोर घेऊन, शक्य तर ज्याच्याशी हरलो त्याच्याच शेजारी बसून, लक्ष नेमके कोणत्या चालीला ढळले हे शोधणे, एवढेच प्रायश्चित्त या दोषाला पुरेसे आहे. त्याहून अधिक शिक्षा स्वतःला देणाऱ्याने अहंकाराची वसुली चालू ठेवली आहे.

सोचीच्या त्या डावानंतर एक दिवस विश्रांतीचा होता. १७ नोव्हेंबरला, सामन्याच्या मध्यावर रंगांचा क्रम बदलल्यामुळे, आनंदला पुन्हा काळीच मोहरी घेऊन बसावे लागले. दोन प्याद्यांसाठी एक मोहरे देऊन तो सहा तासांहून अधिक काळ बचाव करीत राहिला. अखेर कार्लसनजवळ हत्ती आणि घोडा उरले, आनंदजवळ नुसता हत्ती, आणि १२२ चालींनंतर डाव बरोबरीत सुटला. त्या अर्ध्या गुणाने सामन्याचा निकाल बदलला नाही. अकराव्या डावानंतर कार्लसनने तो साडेसहा-साडेचार असा जिंकला. तरीही लोक सहावा डाव तेवढा लक्षात ठेवतात आणि सातव्याचा उल्लेखही करीत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.