अर्जदाराचे अमानित्व

नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या इसमाने आपले गुण आपल्याच लेखणीने लिहावेत काय, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटला तरी त्याच्या मुळाशी धर्मविचार आहे. कारण गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पहिले स्थान अमानित्वाला दिले आहे, आणि परिचयपत्राचा मसुदा अर्जदाराकडून नेमके त्याच्या उलट मागतो. सेलू तालुक्यातील हिंगणीच्या ज्या मुलाला वर्ध्याच्या किंवा नागपूरच्या कचेरीत अर्ज धाडायचा असतो, त्याला आपल्या तोंडाने आपली थोरवी सांगू नये, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी शिकवलेले असते. मग तो बिचारा कुठलातरी तयार नमुना उचलतो आणि ‘मेहनती, प्रामाणिक, जिद्दी’ ही विशेषणे, ज्यांत त्याचे स्वतःचे म्हणावे असे काहीच नाही, नावाखाली लिहून मोकळा होतो.

कर्णपर्वात ही अडचण फार तीव्रतेने आली आहे. गांडीव दुसऱ्याला देऊन टाक असे म्हणेल त्याचा वध करण्याची प्रतिज्ञा केलेला अर्जुन युधिष्ठिराच्या मुखातून तेच शब्द ऐकून खड्ग उपसतो. ज्येष्ठाचा अवमान हाच त्याचा वध, असे सांगून श्रीकृष्ण त्याला त्या पेचातून सोडवतो. आणि अवमान केल्याच्या अनुतापाने अर्जुन स्वतःवरच शस्त्र धरू लागतो तेव्हा, आपले गुण आपणच वर्णन कर म्हणजे आत्मघात घडलाच, असा तोडगा काढतो. शंकराखेरीज माझ्या तोडीचा धनुर्धर नाही, असे अर्जुन मग म्हणतो. हे विधान खोटे नाही, इकडे सहसा लक्ष जात नाही. म्हणजे आत्मस्तुतीचा दोष असत्यात नसून, वादीनेच न्यायासनावर बसून आपल्या बाजूने निकाल देण्यात आहे.

याच वर्धा जिल्ह्याशी निगडित असा एक निराळा परिचय आहे. ज्या विनोबांनी १९१६ साली बडोद्यास आपली प्रशस्तिपत्रे चुलीत घातली, त्यांची गांधींनी १९४० च्या ऑक्टोबरात वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून निवड केली, आणि हे गृहस्थ कोण, हे देशाला कळावे म्हणून ‘हरिजन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले. त्यात प्रशंसा आहेच, दुसऱ्याने ती करण्यास प्रत्यवाय नाही. परंतु लेखाचा भार कृतींवर आहे. आश्रमात मलसफाईपासून स्वयंपाकापर्यंत कोणते काम केले, सूतकताईत किती काळ घालवला, आणि संस्कृतच्या अध्ययनासाठी वर्षाची रजा घेऊन गेलेला हा मनुष्य वर्ष भरताच ठरल्या वेळी कसा परत रुजू झाला, एवढे वाचल्यावर ‘वक्तशीर’ हे विशेषण वाचक स्वतःच पुरवतो.

अर्जदाराने यातून घ्यायचे ते हेच, की निकाल लिहू नये, पुरावा लिहावा. ‘हिशेबात निपुण’ असे लिहिण्यापेक्षा, जिनिंगच्या हंगामात वजनकाट्यावरच्या नोंदी कुणी ठेवल्या, रोजच्या आवक-जावकेचा मेळ कसा घातला आणि त्याची खातरजमा कुणाकडे करता येईल, हे दोन ओळींत लिहावे. ज्या पदासाठी अर्ज आहे त्याच्याशी संबंधित तपशील आधी घ्यावा, उरलेला आखडावा. मात्र संकोचाने काहीच न सांगता ‘मिळेल ते काम करीन’ एवढेच लिहिणे याला मी विनय म्हणणार नाही. निवड करणाऱ्याला अंधारात ठेवून त्याच्या कृपेवर विसंबणे, एवढाच त्याचा अर्थ. ज्ञानेश्वरीतला अमानी पुरुष लोकांनी ओळखू नये म्हणून वेडेपणाचे सोंग घेतो खरा, पण त्याला घरभाडे भरायचे नसते.

आणि मधली रिकामी वर्षे? ती लपवण्यासाठी तारखा ओढूनताणून जुळवणारे पुष्कळ असतात. गांधींनी विनोबांचे आश्रमाबाहेरचे वर्ष गाळले नाही, त्यात काय केले ते सांगितले. वडिलांच्या आजारपणात दोन वर्षे घरची शेती पाहिली असेल तर तसेच लिहावे, आणि कपाशीचा खर्च व उत्पन्न यांची वही ठेवली असल्यास तीही मुलाखतीस सोबत न्यावी.