शेवटी सगळे घरी येतात

आमच्या चिरंजीवांनी अकरावा 'फास्टर फेणे' हातावेगळा केला, तेव्हा बाप या नात्याने हस्तक्षेप करणे मला भाग पडले. म्हटले, "लेका, सगळी सारखीच की रे! फुरसुंगीचा बनेश फेणे संकटात उडी घेणार, 'ट्टॉक' करणार आणि चोर धरून देणार. जरा दर्जेदार वाच."

'दर्जेदार' म्हणताना जीभ अडखळली. माझे बालपण करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेल्या झुंजार आणि काळापहाड यांच्या संगतीत गेलेले! बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. भा. रा. भागवत बिचारे फेणेच्या वीसेक पुस्तकांत थांबले. तिकडे ईनिड ब्लायटनबाईंच्या 'फेमस फाइव्ह'मध्ये १९४२ ते १९६३ या काळात एकवीस वेळा भानगड निघाली आणि एकवीस वेळा मिटली.

आणि मोठ्यांचे तरी काय? साधुवाण्याची नौका प्रत्येक सत्यनारायणाला बुडते आणि प्रत्येक वेळी वर येते. कथा बदला, असे शिऱ्याची वाटी हातात असताना कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. दर रविवारी मिसळ तीच, कटही तोच. साचा वाईट, पण पोरांचा. आमचा तो संस्कार!

पुढच्याच आठवड्यात आईचे ऑपरेशन झाले. दवाखान्याच्या बाकावर चिरंजीव फेणे घेऊन बसलेले. मी खेकसलो, "हे वाचलंयस ना?"

"वाचलंय म्हणूनच की ओ, पप्पा. ह्यात शेवटी सगळे घरी येतात."

मी गप्प झालो. म्हणजे पुस्तक पोराला खोटे शिकवते काय? जगात सगळेच घरी येत नाहीत. पण दोन वर्षांपूर्वी त्याचे आजोबा ह्याच दवाखान्यातून परत आले नव्हते, हे त्याला ठाऊक होते. तो फसला नव्हता. तासभर आधार धरून बसला होता. पुस्तक म्हणजे पासबुक नव्हे, की त्यातली शिल्लक रोखीशी जुळलीच पाहिजे. आणि त्या बाकावर माझ्या हातात कुठले दर्जेदार पुस्तक होते? मी नुसता घड्याळ बघत होतो.

आई घरी आली. बारावा फेणे आणायला मीच गेलो. येताना स्वतःसाठी एक झुंजार उचलला. वाचलेलाच होता.