आवाजाची निवड

गेल्या पावसाळ्यात माझ्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवस वाचन बंद झाले. तेव्हा परळच्या आमच्या धर्मग्रामातील एक मावशी म्हणाल्या, "फादर, वाचता येत नाही तर ऐका की! मी स्वयंपाक करता करता प्रेमकथांचे संग्रह ऐकते." 2017 साली स्टोरीटेल भारतात आले आणि मराठी श्राव्यपुस्तके अशा अनेक घरांत पोहोचली. मावशींनी आणखी एक गोष्ट सांगितली : "कथा कुणाची ते मी बघत नाही. वाचणारी कोण ते बघते. आवाज आवडला नाही की बंद!"

मला हसू आले. पण चार दिवसांत माझीही तीच गत झाली. एक चांगली कथा केवळ वाचकाच्या कर्कश आवाजामुळे मी सोडली आणि एक पोकळ कथा गोड आवाजासाठी शेवटपर्यंत ऐकली. यात काही गैर आहे काय?

संत ऑगस्टिनला हाच प्रश्न छळत होता. 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात तो कबूल करतो की, गायिलेल्या आशयापेक्षा गाणेच मनाला अधिक हलवते तेव्हा आपला अपराध होतो. तरीही मंदिरातील गायनाला तो अखेर संमतीच देतो. कारण दुबळ्या मनाला आवाजाचा आधार लागतो. फादर स्टीफन्स यांचे 1616 साली छापलेले 'ख्रिस्तपुराण'ही लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कानांनीच ग्रहण केले. तेव्हा गोड आवाज आवडणे हे पाप नव्हे.

परंतु गिरणगावातील जुनी पत्रे आठवा. गावी राहिलेली निरक्षर पत्नी दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेई आणि इथे खोलीतला एखादा साक्षर सोबती ते नवऱ्याला वाचून दाखवी. वाचणाऱ्याचा आवाज घोगरा म्हणून कोणी पत्र अर्ध्यावर थांबवले नाही. त्यातला मजकूर आपल्या माणसाचा होता.

त्याच दिवसांत 1982 च्या संपात नोकरी गमावलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. दिवंगत पत्नीविषयी ते सांगू लागले. त्यांना धाप लागत होती, तेच तेच पुन्हा येत होते. माझे मन नकळत वेग वाढवण्याची कळ शोधू लागले. "पुन्हा केव्हातरी निवांत बोलू," असे म्हणून मी त्यांना निरोप दिला. रात्री कानाला यंत्र लावले, प्रेमकथा सुरू झाली आणि मी ओशाळलो. खरी प्रेमकथा मी दारातून परत पाठवली होती. कारण सांगणाऱ्याचा आवाज माझ्या पसंतीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या चाळीतील खोलीवर गेलो. त्यांनी पहिल्यापासून सांगितले आणि मी शेवटपर्यंत ऐकले.

वाचकहो, विरंगुळ्यासाठी आवाज खुशाल निवडावा. मात्र सासूबाईंचा, आजोबांचा, थकून आलेल्या जोडीदाराचा आवाज आपण निवडलेला नसतो. तो जसा आहे तसा ऐकून घेणे, हेच प्रीतीचे काम आहे.